बोटांनी टकटक करून तंबाखूची तलफ जाते का? कोणी करून पाहिलंय?

व्हीएमसी_अंबड

नमस्कार मंडळी. मी अंबड एमआयडीसीत व्हीएमसी मशीनवर आहे, राहायला सिडकोत. वय ३८. तंबाखू कॉलेजपासून. गुटखा नाही, सिगरेट नाही, साधी पुडी आणि चुना. पण गालात दिवसभर काही ना काही असतंच, आणि सेकंड शिफ्टला तर विचारूच नका.

विषय असा की माझी मेहुणी कॉलेज रोडला कुठल्याशा हॉलमध्ये 'टॅपिंग'चं एक दिवसाचं शिबिर करून आली. तेव्हापासून घरात कोणी उदास दिसलं की ती त्याच्या भुवईकडे बोटं घेऊन धावते. रविवारी जेवायला आली तेव्हा माझा नंबर लागला. करंगळीखालच्या हाताच्या कडेवर टकटक करायला लावलं आणि वर म्हणायला लावलं, "मला तंबाखूची तलफ आली आहे, तरीही मी स्वतःला पूर्णपणे आणि मनापासून स्वीकारतो." समोर सासरे बसलेले. त्यांच्यादेखत स्वतःला मनापासून स्वीकारायचं म्हणजे काय, ते जावयांनाच कळेल. मला हसू आवरेना. पण खोटं कशाला बोलू, तलफ खाली आली. जेवण झालं की पहिला बार ठरलेला असतो, तो चांगला तासभर पुढे गेला. हसण्याने गेला की टकटकीने, देव जाणे.

तर हे नक्की आहे काय? ॲक्युप्रेशर, संमोहन की नुसतं मन रमवणं? शिबिरवाले म्हणतात पहिल्या लेव्हलचे अडीच हजार, पण व्यसन सोडवायचं तर दुसरी लेव्हल लागते, तिचे अकरा हजार. बायको म्हणते, पुडीवर जातात तेवढे वर्षात वसूल होतील. हिशोब तिचा चुकत नाही म्हणूनच भीती वाटते.

खरी अडचण घरी नाहीच. संध्याकाळच्या चहाला आम्ही गेटबाहेर टपरीवर जातो. एक दोस्त मळतो आणि तळहात पुढे करतो. बोलत कोणीच नाही, नुसता हात पुढे येतो आणि माझी दोन बोटं आपोआप जातात. तिथे काय भुवया बडवत बसू?

आणि तलफ दाबली की माझं डोकं फिरतं. मुलगा आठवीत आहे, सगळं त्याच्यावर निघतं. टॅपिंग रागावरही चालतं म्हणे. अनुभव असेल तर सांगा. फक्त 'इच्छाशक्ती ठेवा' असं लिहू नका, ते वडील रोज फोनवर सांगतात.

---

पंचवटीचा_फार्मासिस्ट

अकरा हजार जपून ठेवा, मग पुढचं वाचा.

हे कुठून आलं ते सांगतो. रॉजर कॅलहान नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. १९८० च्या सुमारास त्यांच्याकडे पाण्याची भयंकर भीती असलेली एक बाई उपचार घेत होती. पाण्याचा विचार आला की पोटात कसंतरी होतं, असं ती म्हणाली. चिनी वैद्यकाप्रमाणे जठराची ऊर्जावाहिनी डोळ्याखालून सुरू होते, म्हणून कॅलहाननी तिला डोळ्याखाली बोटांनी टकटक करायला सांगितलं. भीती गेली आणि ती थेट पोहण्याच्या तलावाकडे निघाली, असा किस्सा ते स्वतः सांगत. त्यावर त्यांनी 'थॉट फील्ड थेरपी' उभी केली. प्रत्येक तक्रारीला बिंदूंचा वेगळा क्रम, आणि वरच्या पातळीचं प्रशिक्षण तर लाख डॉलरच्या घरात. त्यांच्याकडे शिकलेल्या गॅरी क्रेग या इंजिनियरने नव्वदच्या दशकात विचार केला की क्रम कशाला हवा, सगळेच बिंदू सरसकट वाजवा. त्याचं नाव 'इमोशनल फ्रीडम टेक्निक', म्हणजे तुमच्या मेहुणीबाईंचं ईएफटी. एक गंमत अशी की क्रेगने आपलं मॅन्युअल इंटरनेटवर फुकट वाटलं होतं. जे मूळ माणसाने फुकट दिलं, ते कॉलेज रोडला लेव्हल लावून विकतात.

ऊर्जावाहिनी म्हणाल तर शरीर उघडून आजवर कोणाला सापडलेली नाही. तंबाखू सोडायला निकोटिन गम आहे, पॅच आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीवर गोळ्या आहेत. त्या वापरा. टकटक दारावर करावी.

---

सिस्टर_नाशिकरोड (निवृत्त)

फार्मासिस्ट भाऊंचा इतिहास बरोबर आहे, पण शेवट घाईत केलाय. मी सरकारी दवाखान्यात नोकरी केली, बरीच वर्षं तोंडाच्या ओपीडीत. तंबाखूवाले इतके पाहिलेत की माणूस 'आ' करायच्या आधी कुठल्या गालात धरतो ते सांगेन. त्यामुळे जरा लांबड लावते.

टॅपिंगवर २००३ साली कॅनडात एक प्रयोग छापून आला. ११९ विद्यार्थी, प्रत्येकाला कसली ना कसली भीती. चार गट केले. एकाला खरे बिंदू दिले. दुसऱ्याला हातावरचे कुठलेही भलते बिंदू. तिसऱ्याला सांगितलं, स्वतःला नको, बाहुलीला टकटक करा. चौथा गट कागदाचं खेळणं करत बसला. पहिल्या तिन्ही गटांची भीती जवळजवळ सारखी उतरली, चौथ्याची उतरली नाही. म्हणजे बिंदू खरे की खोटे याने फरक पडला नाही. पण काहीच घडलं नाही असंही नाही, आणि हा भाग टिंगल करणारे गाळतात. भीतीचं नाव घ्यायचं, ती किती आहे याचा आकडा सांगायचा आणि तिच्यापासून पळून न जाता हाताला काहीतरी ठेक्यात करायला द्यायचं. काम हे करतं. बाहुली बिचारी निमित्त.

उलट बाजूही सांगते. २०१२ मध्ये ८३ जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं, ते ताणाचं संप्रेरक. तासाभराच्या टॅपिंगनंतर सरासरी २४ टक्के घट झाली. नुसतं बोलायला बसवलेल्यांत आणि काहीच न दिलेल्यांतही १४ टक्क्यांच्या आसपास झाली. अभ्यास करणारे स्वतः टॅपिंग शिकवणारे, हेही लक्षात ठेवा. तर काहीतरी आहे, पण ते 'व्यसन मुळापासून' म्हणण्याइतकं नाही.

भीती किंवा तलफ किती, ते ० ते १० मध्ये सांगायचा आकडाही टॅपिंगवाल्यांचा नव्हे. जोसेफ वोल्पे नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने भीतीवरच्या उपचारासाठी अशी मोजपट्टी वापरात आणली, मुळात ० ते १०० ची. ती मला सगळ्यात कामाची वाटते. दहापैकी किती, असं स्वतःला विचारेपर्यंत हात आपसूक थबकतो.

आता पद्धत, फुकट. तलफ आली की आकडा द्या. हाताच्या कडेवर टकटक करत जे होतंय ते आपल्या बोलीत म्हणा. 'मनापासून स्वीकारतो' जड जात असेल तर "च्यायला, तलफ आलीये, आली तर आली" एवढंही चालतं. मग दोन बोटांनी भुवईची नाकाकडची बाजू, डोळ्याच्या बाहेरच्या कडेचं हाड, डोळ्याखालचं हाड, नाकाखाली, खालच्या ओठाखालची खाच, गळ्याखालच्या हाडाजवळ, काखेखाली चार बोटांवर आणि टाळू. प्रत्येक ठिकाणी पाच-सात वेळा, हलक्या हाताने. पुन्हा आकडा. तलफ ही काही मिनिटांची असते, दिलं नाही तरी ओसरते. तेवढी मिनिटं काढायला हे साधन ठीक आहे.

पण भाऊ, तुम्ही मशीनवर आहात. कूलंट लागलेली बोटं डोळ्याजवळ नेऊ नका, आणि स्पिंडल फिरत असताना तर हे नकोच. शॉपफ्लोअरवर फक्त हाताची कड किंवा गळ्याखालचं हाड पुरे. बिंदूंनी फरक पडत नाही हे वर सांगितलंच, त्याचा फायदा घ्या.

टपरीचं वेगळं. तिथे तलफ नसते, सवय असते. पुढे आलेल्या हाताला काय उत्तर द्यायचं ते तिथे उभं राहून सुचत नाही, गेटमधून निघतानाच ठरवावं लागतं. गालात आधीच लवंग किंवा बडीशेप ठेवून जा. सुपारी अजिबात नको, ती तंबाखूशिवायही कॅन्सर करते. आणि ज्या दोस्ताचा हात पुढे येतो त्याला एकदा बाजूला घेऊन सांगा की माझ्यापुढे धरू नको. मळणारा माणूस सहसा वाईट नसतो, त्याला वाटतं आपण पाहुणचार करतोय.

राग. तो तुमचा स्वभाव आहे असं धरून बसू नका. निकोटिन तुटलं की चिडचिड होतेच. पहिल्या आठवड्यात जास्त, मग दोन ते चार आठवड्यांत उतरत जाते. मुलाला हे आधीच सांगून ठेवा. आठवीतल्या पोराला सगळं कळतं. कारण माहीत नसलं की ते स्वतःलाच दोष देतं.

आणि एक राहिलं, खरं तर पहिलं. आरशासमोर तोंड उघडा, आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून आत जातात का बघा. जात नसतील, किंवा गालात पांढरा-लाल चट्टा असेल, तिखट लागताच आग होत असेल, तोंडात दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर टॅपिंग बाजूला ठेवून दातांच्या डॉक्टरकडे जा. भीतीचा आकडा कितीही कमी असला तरी.

---

कसारा_घाटवाली

सिस्टर ताई, बाहुलीचं वाचून मजा वाटली. मी सिन्नरला शिक्षिका आहे, लेक कल्याणला दिलेली. मला कसारा घाटाची भीती. रस्त्याने उलटी, रेल्वेने बोगदे. त्यातही गाडी परत येताना कसाऱ्याला चढावर मागून ढकलणारं बँकर इंजिन जोडायला थांबते ना, ते थांबणं मला सहन व्हायचं नाही. पुढे चढ आणि अंधार आहे हे माहीत असताना नुसतं बसून राहायचं. तळहातांना घाम, आणि शेजारची बाई वडापाव खात असते.

मला एका मैत्रिणीने टॅपिंग दाखवलं. पदराआड गळ्याखालच्या हाडावर करते, कोणाला दिसत नाही. सुरुवातीला मी मनात "मी शांत आहे, मी शांत आहे" म्हणायचे. त्याने काडीचा फरक पडला नाही, कारण मी शांत नव्हते. मग मैत्रीण म्हणाली, जे वाटतंय तेच म्हण, अगदी बारीकसारीक. "गाडी बोगद्यात थांबली तर मला श्वास घेता येणार नाही आणि ही वडापाववाली बाई काही मदत करणार नाही." हे म्हणताना पहिल्यांदा थोडी सैल झाले.

भीती गेली नाही. पण आठवरची चारवर येते, आणि चारवर मला खिडकीतून बाहेर बघता येतं. पावसाळ्यात इगतपुरीच्या अलीकडे डोंगरावरून किती पाणी कोसळत असतं, ते मी इतकी वर्षं पाहिलंच नव्हतं, डोळे मिटलेले असायचे. आता वाटतं, टकटकीपेक्षा जास्त उपयोग मी जात राहिले त्याचा झाला असेल. पण टकटक नसती तर मी गेले नसते, लेकीलाच ये म्हटलं असतं.

तंबाखूचं मला माहीत नाही. दादा, तुमच्या वाक्यातही तो हात येऊ द्या. "मला तंबाखू हवीय" यापेक्षा "तो हात पुढे करेल आणि मी नाही म्हटलं तर बाकीचे हसतील" असं काहीतरी. तलफेच्या खाली तेच असेल.

---

दिंडोरीची_बाग

द्राक्षवाला आहे. आमच्याकडे बायको करते हे, मोबाइलवर बघून शिकली. माझं थोडं वेगळं म्हणणं.

ऑक्टोबर छाटणी झाली, बाग फुलोऱ्यात आली आणि आभाळ भरून आलं, की माझी छाती धडधडते. ती भीती खोटी नाही. डावणी, म्हणजे बुरशीचा रोग, आली तर घड जातात, गारपीट झाली तर वर्ष जातं, आणि सोसायटीचं कर्ज तसंच राहतं. ती शून्यावर आणून मला काय करायचंय? शून्यावर आली तर मी झोपून राहीन. पण नऊवर असली तरी मी काहीच करत नाही, नुसता ओट्यावर बसून मोबाइलवर ढग बघतो आणि सगळ्यांवर खेकसतो. बायको तेव्हा हात धरून बसवते, टकटक करते, नऊचे पाच होतात. पाचवर मी उठून ट्रॅक्टरला ब्लोअर जोडतो. मला तेवढंच लागतं.

पण गावात एक महाराज छाप माणूस येऊन गेला. कर्जाची चिंता टॅपिंगने घालवा म्हणाला. त्याला विचारलं, बँकेच्या साहेबाला कुठे टकटक करू? अशांपासून सांभाळून.

---

पंचवटीचा_फार्मासिस्ट

दिंडोरीकर, दंडवत. बँकेच्या साहेबासाठी बिंदू सापडला तर दुकानाचं कर्ज आहे माझंही, कळवा.

सिस्टर, बाहुलीचा प्रयोग मला माहीत नव्हता, घेतला. पण एक मुद्दा सोडत नाही. ज्याला जुना आघात आहे, अपघात पाहिलाय, अत्याचार झालाय, त्याला हॉलमध्ये शंभर लोकांत बसवून 'आता तोच प्रसंग आठवा' म्हणणं हा खेळ नाही. आठवण वर आली आणि शिबिर पाच वाजता संपलं, तर तो माणूस घरी काय घेऊन जाणार? हे काम जाणत्या समुपदेशकासमोरच व्हावं. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

---

व्हीएमसी_अंबड

बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

तीन बोटं जातात. आरशासमोर उभा होतो तर मुलगा विचारतो, पप्पा काय करताय. सांगितलं. त्याने स्वतःचीही घालून पाहिली. मग तंबाखू सोडतोय आणि चिडचिड होईल हेही सांगून टाकलं. तो म्हणाला, "म्हणजे आत्ता जी होते ती वेगळी का?"

दुसऱ्या लेव्हलचा विषय घरात बंद केला. मेहुणी जरा रुसली आहे, पण कसारावाल्या ताईंचं वाक्य तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, अगं बाई, आम्हाला हे सांगितलंच नाही, सगळ्यांना एकच वाक्य दिलं होतं.

टपरीवाल्या दोस्ताशी बोललो. तो आधी हसला, मग म्हणाला, मग मी कोणाबरोबर खाऊ? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण हात पुढे करत नाही आता, पाठ फिरवून मळतो. वास येतोच. तेव्हा हाताच्या कडेवर टकटक करतो, बाकीच्यांना वाटतं हाताला मुंग्या आल्यात. कधी सातचा चार होतो, कधी सातचा सातच राहतो आणि घंटा होते म्हणून वाचतो. सुटली असं म्हणत नाही. पुडी अजून लॉकरमध्ये आहे.

सिस्टर, गमबद्दल एक विचारायचं होतं. आणला, पण चघळला की घशात जळजळ आणि उचकी. आणि चहाबरोबर चालतो का? कारण चहा मी सोडणार नाही, ते आधीच सांगतो.

---

सिस्टर_नाशिकरोड (निवृत्त)

तुम्ही तो च्युइंगम समजून खाताय. सतत चावायचा नाही. हळूहळू चावा, तोंडात मिरमिर झाली की थांबा आणि गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या, जसा बार ठेवता तसाच. ते तुम्हाला शिकवायला नको. मिरमिर गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावा, जागा बदला. साधारण अर्धा तास. भराभर चावलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, म्हणून उचकी आणि जळजळ.

चहा प्या, पण गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना नाही. चहा-कॉफीने तोंडातून निकोटिन नीट शोषलं जात नाही. म्हणजे टपरीवर चहा आणि लवंग, परत मशीनवर आल्यावर गम. दोन मिलिग्रॅमचा की चारचा, आणि दिवसाला किती, ते तुमची खाण्याची सवय बघून डॉक्टर ठरवतील. बीपी किंवा हृदयाचं काही असेल तर आधी सांगा.

आणि लॉकरमधली पुडी टाकण्याआधी उलटी करून बघा. १८००-११-२३५६ असा नंबर छापलेला असेल. तंबाखू सोडणाऱ्यांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट. नंबर लिहून घ्या, मग टाका.